मुका हात

सर, तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी खोपटच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसले होते. शाळेतली एक मैत्रीण नाशिकच्या गाडीची वेळ विचारायला आलेली, आणि गाडी लागेपर्यंत खिडकीला टेकून तिनं दोन बातम्या सांगितल्या: तिला दुसरा मुलगा झालाय, आणि आपले ढोलवाले सर गेले. मी "अरेरे" म्हटलं, माइक ओढून नाशिकची गाडी फलाटावर लागल्याचं जाहीर केलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला "बोला" म्हटलं. रडू वगैरे काही आलं नाही. उलट रागच आला, कारण तुमच्याशी एकदा चांगलं भांडायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं आणि तुम्ही ते न ऐकताच निघून गेलात. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली असतील. परवा पाडव्याच्या शोभायात्रेत असं काही घडलं की ते भांडण पुन्हा वर आलं, आणि आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसलेय. मध्ये बोलू नका, म्हणजे झालं.

तुम्हाला मी आठवणार नाही असं पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आठवत असेन. डेपोच्या मागची आपली शाळा, आठवीचा वर्ग. अप्पा एसटीत चालक होते, त्यांची साताऱ्याकडून ठाण्याला बदली झाली आणि वर्ष अर्ध्यावर असताना आम्ही इकडे आलो. माझ्या बोलण्याला घाटावरचा हेल होता. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला धडा वाचायला उभी राहिले आणि वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, मायेनंच हसल्या असतील, पण हसल्या. त्यानंतर मी शाळेत बोलणं बंद करून टाकलं. हजेरीला नुसता हात वर करायचे, मधल्या सुट्टीत डबा खाऊन वही उघडून बसायचे. आज डेपोत हे कुणाला सांगितलं तर पटत नाही, कारण दिवसभर माझाच आवाज भोंग्यातून सगळ्या खोपटला ऐकावा लागतो. आवाज कमी करा, अशी समोरच्या इमारतीतल्या आजोबांची तक्रारही येऊन गेली आहे. मी कमी केलेला नाही.

सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी तुम्ही मुलींचं ढोलपथक उभं करत होतात आणि माझी निवड निव्वळ उंचीवर झाली. सराव शाळेमागच्या पटांगणात. मोडक्या बाकांच्या मागे ठेवलेले चौदा ढोल आम्ही दोघी-दोघी उचलून बाहेर आणतो. लाकडी खोड, चामड्याची तोंडं, आणि दोऱ्या इतक्या ताठ की ओढताना बोटांना वळ उठतात. तुम्ही गणिताचा तास संपवून तसेच येता, त्यामुळे दोन्ही हात खडूनं पांढरे. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याची गाठ तपासता, सैल वाटली तर वर दुसरी मारता, आणि मग शिट्टी. उजव्या हातात टिपरूची काठी, डाव्या हाताची थापी. आम्ही वाजवायला लागलो की तुम्ही रांगेतून फिरता आणि एकेका ढोलाच्या खोडावर तळहात टेकवून पुढे जाता. कानानं काही कळत नाही, असं तुमचं म्हणणं. चौदा जणी एकदम वाजवतात तेव्हा कोण गप्प आहे हे ऐकून सांगता येत नाही, पण हात लावला की लाकूड सांगतं. शेजारच्या ढोलांचा कंप येतो तो वेगळा, लांबून आल्यासारखा. स्वतःचा टोल पडला की खोड तळहाताला ढकलतं. जी नुसता हात फिरवते आणि चामड्याला लावत नाही, तिच्या हाताला तुम्ही नाव दिलं होतं, मुका हात. सराव संपला की प्रत्येक ढोलावर तुमचा पांढरा पंजा उमटलेला असायचा. मुली तो पुसत नसत, मोठा मान वाटायचा त्यांना.

माझ्या ढोलावर पंजा नव्हता, कारण माझ्यापाशी तुम्ही थांबतच नव्हतात. पहिल्या दिवशी माझा टोल सगळ्यांच्या मागून पडला होता, एकटाच, आणि शेजारची खुदकन हसली होती. दुसऱ्या दिवसापासून मी टिपरू चामड्याच्या बोटभर अलीकडे थांबवायला शिकले. ते सोपं नाही, सर. मारण्यापेक्षा न मारणं कठीण आहे. खांद्यातून हात पूर्ण यायला हवा, जोर दिसायला हवा, आणि शेवटच्या क्षणी तो मनगटात जिरवायला हवा. मी त्यात इतकी पटाईत झाले की माझा हात पथकात सगळ्यात देखणा दिसायला लागला. आणि तुम्ही काय केलंत? इतर मुलींना थांबवून म्हणालात, "हिचा हात बघा. असा यायला पाहिजे." दोन महिने तेरा मुली माझा मुका हात बघून वाजवायला शिकत होत्या. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसू येतं याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मग संचलनाच्या तीन दिवस आधीचा तो सराव. तुम्ही पहिल्या टोकापासून एकेकीच्या ढोलाला हात लावत आलात आणि त्या दिवशी, का कोण जाणे, माझ्यापाशीही थांबलात. तळहात टेकवलात. तो तिथंच राहिला. तुमच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं ते मी वरून बघत होते, कारण तुम्ही वाकला होतात. मग तुम्ही शिट्टी वाजवलीत. सगळ्या थांबल्या. "आता तू एकटी वाजव," तुम्ही म्हणालात. मी टिपरू वर नेलं आणि ते वरच राहिलं. तुम्ही वाट बघितलीत, ती किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग म्हणालात, "वाजवायचं नसेल तर जागा अडवू नकोस. बाहेर मुली थांबल्यात." एवढं बोलून संपवलं असतंत तर मी कदाचित विसरलेही असते. पण ढोल सोडायचा तर गाठ सुटेना. तुमच्याच दोन गाठी, घामानं घट्ट झालेल्या. मी ओढतेय, शेजारची ओढतेय, शेवटी तुम्ही स्वतः येऊन नखांनी ती सोडवायला लागलात, आणि तेवढा सगळा वेळ तेरा मुली गप्प उभ्या राहून बघत होत्या. घरी गेले तेव्हा माझ्या निळ्या स्कर्टच्या कमरेला तुमचा खडू लागलेला होता. आईनं विचारलं तर म्हटलं, फळा पुसला.

आता माझं भांडण ऐका. तुम्हाला त्या दिवशी माझा राग आला नव्हता. तुम्हाला स्वतःचा राग आला होता. दोन महिने ज्या हाताचं कौतुक केलं तो खोटा निघाला, आणि ते तेरा मुलींसमोर कळलं, म्हणून तुम्ही तेरा मुलींसमोरच त्याची भरपाई केलीत. गणिताचे शिक्षक ना तुम्ही, उत्तर चुकलं की आख्खं गणित खोडणारे. तुमच्या हे लक्षात आलं नाही की जी मुलगी दोन महिने रोज वेळेवर येते, चौदा किलोचा ढोल कमरेला बांधते, ऊन डोक्यावर घेते आणि एकही सराव चुकवत नाही, तिला वाजवायचं नाही असं कसं असेल? तिला वाजवायचंच होतं. तिला फक्त एकटीचं ऐकू जायचं नव्हतं. आणि तुम्ही नेमकं तेच मागितलंत. मी हे तेव्हा बोलू शकले नाही, आज बोलतेय. तुम्ही चुकलात, सर.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी शिपाईमामांनी मला एक पुडकं आणून दिलं. आलेखाच्या कागदात गुंडाळलेलं, वर दोरा. आत एक टिपरू, तुमचं स्वतःचं, मुठीपाशी झिजून काळं झालेलं. चिठ्ठी नव्हती. मी मामांना विचारलं, "सर काय म्हणाले?" मामा म्हणाले, "काय नाय. दे म्हणाले." क्षमा होती की टोमणा, हे मला कधीच कळलं नाही. एवढं गणित शिकवणाऱ्या माणसाला एक ओळ लिहिता येऊ नये? ते टिपरू मी वापरलं नाही आणि टाकलंही नाही. भाड्याची तीन घरं बदलली, लग्न झालं, टिटवाळ्याला स्वतःचं घर घेतलं, आणि प्रत्येक वेळी ते आलेखाच्या कागदासकट कपाटाच्या वरच्या खणात जात राहिलं.

टिटवाळ्याला आमच्या इमारतीच्या मागे मोकळा प्लॉट आहे, पलीकडे नव्या इमारती उठतायत. दर रविवारी सकाळी तिथं मी बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींचं पथक घेते. सात वर्षं झाली. ताशा वाजवतो तो जवळच्या जुन्या गावातला, आठवडाभर आंबिवली स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो, आणि त्याच्या आज्यापासून घरात ताशा आहे. त्याचा ताशा पुढे चालतो, ढोल त्याच्यामागून जातात, आणि ढोलांचं सगळं मी बघते. हल्ली आईवडील मुलांना माझ्याकडे कॉन्फिडन्ससाठी आणतात. "कॉन्फिडन्स येईल ना, मॅडम?" असं टॉनिकची बाटली विकत घेतल्यासारखं विचारतात. मी सांगते, आधी खांदे दुखतील, मग तळहाताला फोड येतील, बाकीचं माझ्या हातात नाही. तरी येतात, आणि मुलं टिकतात.

माझ्या पथकात तुमची एकच गोष्ट मी चोरली आहे, खोडाला तळहात लावण्याची. माझ्या हाताला खडू नसतो, आणि मला मुका हात सापडला तर मी शिट्टी वाजवत नाही. पुढे जाते. पुढच्या रविवारी त्या मुलाला रांगेच्या मधोमध उभं करते, जिथं दोन्ही बाजूंनी दणकून आवाज येतो आणि एखादा टोल चुकीचा पडला तर बुडून जातो. एकटं वाजवायला मी कुणालाच सांगत नाही, स्वतःहून मागितलं तरच. आणि गाठ मी सगळ्यांना सुरगाठ शिकवलीय, एक टोक ओढलं की सुटणारी. सोडून जायचं असेल त्याला तिथल्या तिथं जाता आलं पाहिजे. ताशावाला म्हणतो, "ताई, सुरगाठ मिरवणुकीत सुटली तं ढोल पायावर पडंल." सात वर्षांत एकदा पडला. अंगठा सुजला, मुलगा पुढच्या रविवारी चप्पल घालून हजर होता.

आता त्या मुलीबद्दल. नववीतली आहे, डिसेंबरात आली. आई सोबत आली होती आणि मुलगी थोडी लांब उभी राहून पायानं माती उकरत होती. आईनं हळू आवाजात सांगितलं ते असं: वर्गात कविता म्हणताना ही मध्येच अडकली, तोंड उघडं राहिलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मोबाइलवर ते घेतलं. त्याचं स्टिकर केलं. आता वर्गाच्या ग्रुपवर कुणाला काही विसरलं की तिचं ते उघडं तोंड पाठवतात. शाळेनं मोबाइल जप्त केला, पण स्टिकर कसं जप्त करणार? तेव्हापासून ती शाळेत गप्प, घरी मोजकं. "मला काही नको, मॅडम," आई म्हणाली, "चार मुलांत उभी राहिली तरी पुरे." मी मुलीला ढोल दिला, सुरगाठ दाखवली, काही विचारलं नाही. तिनंही काही विचारलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी तिच्या खोडाला हात लावला आणि मला हसू आवरेना. काय सुंदर मुका हात होता. खांद्यातून पूर्ण यायचा, जोर दिसायचा, आणि बोटभर अलीकडे जिरायचा. माझ्यापेक्षाही चांगला. तिनं माझ्याकडे बघितलं, डोळे असे की आता शिट्टी वाजणार. मी पुढच्या ढोलाकडे गेले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तिनं एकही रविवार चुकवला नाही आणि तिचा एकही टोल पडला नाही.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी ताशावाल्यानं मला बाजूला घेतलं. त्याचे कान ताशाचे आहेत, त्याला खोडाला हात लावायची गरज लागत नाही. "ताई, ती मधली पोरगी नुसती हात हलवतीय. वाजवत नाय."

"माहितीये मला."

"माहितीये? मंग डोंबिवलीला नेताय कशाला तिला? फडके रोडला आख्खं गाव उभं असतं. दुसरी दोन पोरं बसून हायेत, त्यातल्या एकाला द्या की तो ढोल."

म्हणजे बघा सर, एवढ्या वर्षांनी तुमचंच वाक्य, फक्त बोली वेगळी. मी त्याला सांगितलं की ढोल तिचा आहे आणि तिच्याच कमरेला राहील, आणि हे चालत नसेल तर त्यानं दुसरं पथक बघावं. माझा आवाज चढलेला असणार, कारण मुलं आमच्याकडे बघायला लागली. त्यानं ताशाच्या काड्या खिशात घातल्या, "तुमचं पथक, ताई," म्हणाला आणि रिक्षा चालू करून निघून गेला. मला वाटलं, गेला हा. त्या संध्याकाळी मुलीच्या आईचाही फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की शोभायात्रेत सगळे व्हिडिओ काढतात. "मॅडम, तिथं परत काही झालं आणि परत कुणी काढलं तर माझी पोरगी शाळाच सोडेल. तिला नका नेऊ." मी म्हटलं, तिलाच विचारा. आई म्हणाली, "तिनं ड्रेस इस्त्री करून ठेवलाय." मी रात्रभर तळमळले, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्या हट्टापायी त्या पोरीचं काही वाईट झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

पाडव्याला सकाळी ढोल टेम्पोत चढवताना ताशावाला आला. आणि ताशाचं चामडं शेकून ताठ करायला बसला. एका मुलाचा ताप उतरला नव्हता, बसून असलेली दोघं सणाला गावी गेली होती, रांगेत जागा मोकळी होती, म्हणून ढोल मी माझ्या कमरेला बांधला. आणि टिपरू तुमचं घेतलं. हे मी ठरवून केलं. आदल्या दिवशी आलेखाचा कागद सोडला, मुठीपाशी नवीन दोरा गुंडाळला, आणि मनात म्हटलं, चला सर, बघा तुम्ही माझं पथक, या, नीट पुढे बसा.

डोंबिवलीत आम्ही फडके रोडला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. नऊवारी, फेटे, नव्या कपड्यांच्या घड्या, गॅलऱ्यांत माणसं. ती माझ्या डाव्या हाताला होती. चालता चालता वाजवताना ती नेहमीसारखीच, हात देखणा आणि मुका. मग चौक आला आणि ताशावाल्यानं काडी वर करून आम्हाला थांबवलं. चौकात उभं राहून वाजवायचं असतं, लोक गोल करतात. गोल झाला आणि सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मी तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघितलं. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. ताशा सुरू झाला, आम्ही सुरू झालो, आणि माझ्या लक्षात आलं की ती वाजवतेय की नाही हे मला कळणार नाही. माझा स्वतःचाच ढोल एवढा दणाणत होता, आणि हात तर दोन्ही गुंतलेले. तिच्या खोडाला मी तळहात कशी लावणार?

मग मी काय केलं ते नीट ऐका. मी टिपरू बोटभर अलीकडे थांबवायला सुरुवात केली. तीस वर्षांनी. खांद्यातून पूर्ण, जोर दिसेल असा, आणि शेवटी मनगटात जिरवलेला. हात काहीच विसरला नव्हता. माझा ढोल गप्प झाला आणि डावीकडचं ऐकू यायला लागलं. आधी काहीच नव्हतं. पलीकडच्या मुलाचा टोल, त्याच्या पलीकडचा. मग मध्येच एक हलका, दबकत आलेला, सगळ्यांच्या मागून. मग काही नाही. मग पुन्हा एक, आणि तोही उशिरा. ती वाजवत होती. ती मागं पडत होती, दर वेळी एवढ्याशानं, आणि मला ठाऊक होतं की आता ती थांबणार, कारण तिथंच थांबायचं असतं, मी तिथंच थांबले होते. तेवढ्यात ताशावाल्यानं मान वळवली. त्याला ऐकू गेलं असणारच. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि ताशा किंचित सैल झाला. चालीला धक्का न लावता, लोकांना कळणारही नाही इतका, त्यानं वेग उतरवला. सगळे ढोल त्याच्यामागून उतरले. पुढचा टोल पडला तेव्हा ती आमच्यात होती. त्याच्या पुढचाही. मग तिनं जे झोडपायला सुरुवात केली ते विचारू नका, टिपरूच्या टोकाचं साल निघालं.

शोभायात्रा संपल्यावर टेम्पोपाशी मी ताशावाल्याला म्हटलं, "वेग का उतरवलास?"

"पोरगी मागं पडत होती," तो म्हणाला. "मंग काय, आपणच थांबलो जरा." आणि उसाचा रस प्यायला गेला. एवढंच, सर. एवढंच करायचं होतं.

मुलगी सुरगाठ ओढत होती. एका झटक्यात सुटली. ढोल खाली ठेवून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही चौकात वाजवत नव्हत्या." डिसेंबरपासून ती माझ्याशी आपणहून बोलली ते हे पहिलं वाक्य.

"कशावरून?" मी म्हटलं.

"मला माहितीये ना तो हात."

पकडली गेले. सांगितलं खरं ते, की तुझा ढोल ऐकायचा होता. तिनं विचारलं, "सुरुवातीला उशिरा पडत होता ना?"

"हो."

"व्हिडिओत येणार ते?"

"येईल. खूप जण काढत होते."

मला वाटलं, आता चेहरा उतरणार. तिनं तळहात उघडून फोड बघितले, ड्रेसला हात पुसले आणि म्हणाली, "येऊ दे." आणि रसाच्या गाड्याकडे गेली.

तर हे असं आहे. तुम्हाला मी माफ केलंय असा अर्थ यातून काढू नका. तुमच्या टिपरूनं मी तुमच्याच डोळ्यांदेखत मुका हात चालवला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा चालवीन. ते टिपरू आता कपाटात जाणार नाही, रविवारी ज्याला कमी पडेल तो घेईल. आलेखाचा कागद मात्र रिकामा झालाय, त्यात हे पत्र घडी करून ठेवतेय. पाठवायला पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण शेवटची एक गोष्ट मी तुम्हाला समोर कधीच सांगू शकले नसते. त्या शेवटच्या सरावाला, तुम्ही रांगेच्या पहिल्या टोकाला होतात तेव्हा, मी एकदा मारलं होतं. एकच टोल. अगदी बरोबर पडला होता, सगळ्यांच्या सोबत. मला त्याचा इतका आनंद झाला की पुढचा मारायचं राहूनच गेलं, आणि तेवढ्यात तुम्ही माझ्यापाशी आलात.